वर्गाबाहेरचे गुरुजी

शाळेच्या स्मरणिकेत गुरुजनांवर लेख असतात, आणि ते असायलाच हवेत. इमारतीवर, क्रीडांगणावर, स्नेहसंमेलनातल्या नाटकांवरही लेख असतात. संपादक मंडळाने इतिहासाची बाजू माझ्याकडे सोपवली, तेव्हा मी या सगळ्याच्या थोडा बाहेरचा विषय निवडला. ज्यांचे नाव कोणत्याही शाळेच्या फलकावर नाही, ज्यांनी डी.एड. केलेले नाही, ज्यांना शाळेचा पगार नाही, आणि तरीही ज्यांच्यामुळे कितीतरी जण वाचायला शिकले, अशा माणसांचा हा इतिहास आहे. दिवसा गिरणीत, कचेरीत, बँकेत किंवा कारखान्यात काम करायचे आणि उरलेल्या वेळात कुणाजवळ तरी पुस्तक घेऊन बसायचे, ही महाराष्ट्रात बरीच जुनी रीत आहे.

आपल्या मेळाव्याशी या विषयाचा संबंध काय, ते आधी सांगतो. मेळाव्याची यादी करताना आपण दहावीचा हजेरीपट समोर ठेवला. सगळेच असे करतात, कारण शेवटी एकत्र होतो ते आपण दहावीत. पण कोणत्याही शाळेचा त्याच पिढीचा पहिलीचा हजेरीपट काढून पाहिला, तर त्यातली काही नावे दहावीच्या पटावर सापडत नाहीत. कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणाला घरच्या गरजेपायी काम धरावे लागले. काही मुले मात्र दुसरीत, तिसरीत, चौथीत एकदा-दोनदा नापास झाली आणि मग येईनाशीच झाली. आपल्या लहानपणी नापास करण्याची पद्धत होती. धडा वाचता आला नाही की गणिताचे उदाहरणही वाचता येत नसे, मग सगळेच विषय मागे पडत. ही मुले 'माजी विद्यार्थी' म्हणून कोणत्याच यादीत येत नाहीत. शाळा मात्र त्यांचीही होती.

अशा मुलाच्या शेजारी रोज अर्धा तास कुणी बसले असते तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही. असे बसणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले आहेत. त्यांच्या कामाचे कुठे चीज झाले आणि कुठे ते वाया गेले, हेही बऱ्यापैकी तपासून झाले आहे.

रात्रीची शाळा

सुरुवात मोठ्या माणसांपासून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी ती होती. शिकणाऱ्याला दिवसा वेळ नाही म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलायची, हा विचार आज साधा वाटतो, त्या काळी तो नवा होता.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या आणि गिरणगाव उभे राहिले. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. आपण त्यांना कामगार चळवळीतले ना. म. जोशी म्हणून ओळखतो. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा चालवल्या, वाचनालये काढली, वस्तीवस्तीत पुस्तके पोहोचवणारी फिरती ग्रंथालये चालवली. हे काम शिकल्यासवरलेल्या स्वयंसेवकांच्या बळावर चाले. १९३७ ते १९३९ या काळात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. त्या वेळी प्रौढ साक्षरतेला सरकारी पाठबळ मिळाले आणि १९३९ मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षणाची स्वतंत्र समिती स्थापन झाली.

या सगळ्यात विद्यार्थी मोठा माणूस होता. मुलांची काळजी शाळा घेईल, असा सर्वांचा समज होता.

स्वातंत्र्यानंतरची सर्वांत मोठी मोहीम आपल्या वाडवडिलांपैकी काहींनी पाहिली असेल. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत ती राज्यभर पोहोचली. गावातले प्राथमिक शिक्षक आणि शिकलेले गावकरी काही महिने रात्री वर्ग घेत. गावातले निरक्षर प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. संपूर्ण गावाने मिळून साक्षर व्हायचे, ही त्यामागची कल्पना होती आणि ती लोकांच्या मनाला भिडली. पण या मोहिमेची एक दुखरी बाजूही पुढे आली. समारंभ झाला, कंदील विझले, वर्ग बंद झाले. नव्याने वाचायला शिकलेल्यांच्या हाती पुढे वाचायला काही आले नाही आणि बरेच जण शिकलेले विसरले. वाचन शिकवणे ही एक गोष्ट आणि वाचते ठेवणे ही दुसरी. हा धडा पुढे पुन्हा पुन्हा समोर येतो, म्हणून तो लक्षात ठेवायचा.

मुलांकडे वळताना

शाळा वाढल्या, पटावरची नावे वाढली, तशी एक गोष्ट काही डोळस माणसांच्या लक्षात आली. शाळेत जाणारे मूल वाचायला शिकतेच असे नाही. डॉ. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पण फलटणला स्थायिक होऊन मराठीच झालेल्या बाईंनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दलित वस्तीतल्या मुलांसाठी शाळेबाहेरचे वर्ग सुरू केले. यातली मुले शाळेत जात होती, तरी त्यांना वाचता येत नव्हते. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झाले आणि मराठी वाचन शिकवण्याची एक शिस्तशीर पद्धत तयार झाली. तीत 'क'पासून 'ज्ञ'पर्यंतची सगळी रांग पाठ होण्याची वाट पाहायची नसते. थोडी अक्षरे आणि थोडी स्वरचिन्हे एका गटात घ्यायची आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्यायचे. मुलाला पहिल्या काही दिवसांतच कळते की या खुणा काहीतरी बोलतात.

मुंबईत १९८८ साली रजनी परांजपे आणि बिना लष्करी यांनी डोअर स्टेप स्कूल सुरू केले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या उंबऱ्याशी जायचे, असा नावातच त्याचा अर्थ आहे. पुढे त्यांचे काम पुण्यात बांधकाम मजुरांच्या वस्त्यांवरही पसरले. १९९१ मध्ये शाहीन मिस्त्री यांनी मुंबईत पंधरा मुलांना घेऊन आकांक्षाचा पहिला वर्ग सुरू केला. तिथे शिकवायला कॉलेजचे विद्यार्थी येत.

आणि १९९५ मध्ये मुंबईत 'प्रथम' उभी राहिली. तिचे एक संस्थापक डॉ. माधव चव्हाण. त्यांनी आधी राष्ट्रीय साक्षरता अभियानात वस्त्यांमधून प्रौढांना शिकवण्याचे काम केले होते, आणि दूरदर्शनवरच्या 'अक्षरधारा' या कार्यक्रमामुळे अनेकांना त्यांचा चेहरा ओळखीचा होता. फुल्यांच्या रात्रशाळेपासून आलेला प्रौढ शिक्षणाचा धागा इथे लहान मुलांच्या वाचनाला येऊन जुळला, असे मला वाटते. प्रौढांसाठी वस्तीत माणसे शोधायची, त्यांना थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि कामाला लावायचे, ही जुनीच रीत मुलांसाठी वापरली गेली.

बालसखी

'प्रथम'च्या कामातून महानगरपालिकेच्या शाळांत 'बालसखी' आली. ती वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी असे. तिला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन असे. तिसरी-चौथीच्या वर्गात जी पंधरा-वीस मुले मागे पडलेली असत, त्यांना ती रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे. शिक्षकाचे काम तिने हिरावले नाही. वर्गातली चाळीस-पन्नास मुले पुढे नेताना शिक्षकाला ज्यांच्यासाठी थांबता येत नसे, त्यांच्यासाठी ती थांबत असे.

या कामाची कसोशीने तपासणी झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील शाळांमध्ये बालसखी असलेले वर्ग आणि नसलेले वर्ग यांची तुलना केली. बालसखी असलेल्या वर्गांतल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या पुरस्कारामागच्या कामात महापालिका शाळेच्या एका कोपऱ्यात बसणाऱ्या या मुलींचाही वाटा आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर झालेला फायदा बराच ओसरला होता. ग्रामशिक्षण मोहिमेचा जुना धडा इथे आकड्यांत उतरला.

मग प्रश्न आला, मानधन न घेता काम करणाऱ्या स्वयंसेवकांचे काय? २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात त्याची चाचणी झाली. गावातल्या तरुणांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन त्यांनी शाळेबाहेर वाचन शिबिरे घेतली. ज्यांना एक अक्षरही ओळखता येत नव्हते अशी जी मुले शिबिराला आली, ती त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा खूप पुढे गेली. म्हणजे चार दिवस शिकलेला साधा माणूसही मुलाला वाचायला शिकवू शकतो. पण गावातल्या शंभर मुलांमागे जेमतेम आठ मुलेच शिबिराला आली. ज्यांना खरी गरज होती, त्यांतली बहुतेक आलीच नाहीत.

मग स्वयंसेवक शाळेतच पाठवले तर? उत्तराखंडात तसे केले गेले. तिथे शाळांनी त्यांना जादा शिक्षक समजून नेहमीचे वर्ग सांभाळायला दिले. वाचनासाठी वेगळा वेळ उरला नाही आणि मुलांच्या वाचनात फरक दिसला नाही. पुढे २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात शाळेच्या वेळेतच वाचनाची शिबिरे भरवली. त्यात इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढे वाचता येते त्याप्रमाणे मुलांचे गट केले. 'प्रथम'चे कार्यकर्ते आणि गावातले स्वयंसेवक दोघे मिळून शिकवत होते. तिथे मात्र मोठा फरक पडला.

या सगळ्याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. चांगल्या मनाच्या माणसाचा मुलाला उपयोग होतो, पण तो शाळेच्या वेळेत आला, त्याच्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवली आणि मुलाची पातळी पाहून बसला, तरच.

कचेरीतून, कारखान्यातून

नोकरदारांनी शाळेत जाऊन मुलांबरोबर वाचावे, ही कल्पना परदेशातही रुजलेली आहे. अमेरिकेत १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी 'अमेरिका रीड्स' ही मोहीम जाहीर केली. प्रत्येक मुलाला तिसरीअखेर स्वतंत्रपणे वाचता यावे आणि त्यासाठी दहा लाख मदतनीस उभे राहावेत, असे तिचे उद्दिष्ट होते. आपल्याकडे २००८ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने 'टीच इंडिया' मोहीम चालवली. मोठ्या शहरांतल्या नोकरदारांनी आठवड्यातले काही तास, काही महिने मुलांना शिकवण्यासाठी द्यावेत, असे आवाहन तीत होते.

नाशिकला जवळची एक गोष्ट महिंद्रची आहे. सातपूरला आणि इगतपुरीला त्यांचे कारखाने आहेत. त्या समूहाने २००५ मध्ये 'एसॉप्स' नावाने कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेची योजना सुरू केली. कंपनीच्या भाषेत या शब्दाचा अर्थ कर्मचाऱ्यांना मिळणारे शेअर्स असा होतो. इथे तो कर्मचाऱ्याने समाजाला दिलेला वेळ असा घेतला.

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्यातले कलम १३५ लागू झाले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. त्यानंतर कितीतरी शाळांना बाके मिळाली, पाण्याच्या टाक्या, संगणक, स्वच्छतागृहे मिळाली. यातल्या प्रत्येक गोष्टीची गरज होती. पण कायदा रुपये मोजतो. मुलाशेजारी बसलेल्या माणसाचे तास त्या हिशेबात येत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचेही तसेच होते. आपण निधी गोळा करतो, शाळेला वस्तू देतो, दात्यांची नावे कोरलेली पाटी लागते. वस्तू देणे सोपे असते, कारण ती एकदाच द्यायची असते.

अक्षरांवर जगणारे गाव

नाशिकचे अक्षरांशी नाते जुने आहे. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. भारतात लागणारी टपाल तिकिटे पूर्वी इंग्लंडहून छापून येत. ती इथेच छापायची ठरले आणि १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आले. १९२८ पासून शेजारी चलनी नोटांचा छापखाना चालू झाला. कितीतरी घरांची चूल छापलेल्या कागदावर पेटली, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची शाळेची फी प्रेसच्या पगारातून भरली गेली. १९६४ मध्ये ओझरला एचएएल आले, विमाने बनू लागली. मग सातपूर, अंबडच्या वसाहती वाढल्या. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथे स्थापन झाले आणि पाळ्या करून पदवी घेणाऱ्या कामगारांची एक पिढीच तयार झाली.

२००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांच्या पेट्या वस्तीवस्तीत, सोसायट्यांत, तुरुंगात आणि पुढे दुबईसारख्या परदेशी शहरांतही पोहोचल्या. शंभर वर्षांपूर्वी सोशल सर्व्हिस लीगची फिरती ग्रंथालये कामगार वस्तीत जात, त्याचीच आठवण यावी. वाचते ठेवण्याची ही बाजू आपल्या गावाने चांगली सांभाळली आहे.

पण पेटीतले पुस्तक उघडण्याआधी वाचता यावे लागते. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले तिथेच अडतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. काही शहरात बांधकामावर येतात. मुले आई-बापांबरोबर फिरतात, शाळा मध्येच सुटते. घरी कोकणा, वारली किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी जवळजवळ नवी भाषा असते. त्यातली काही मुले शहरातल्या शाळांत येऊन बसतात. बाई फळ्यावर लिहितात, ती वहीत हुबेहूब उतरवून घेतात, आणि काय लिहिले हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

आपल्या काळी असे मूल नापास होऊन शाळा सोडत असे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. नापास करणे थांबवले हे चांगलेच झाले, मुले शाळेत राहिली. पण आता न वाचणारे मूल वाचता न येताच पुढच्या वर्गात जाते. पूर्वी ते पटावरून जाई, आता पटावर राहून मागे पडते.

२००५ पासून 'असर' नावाचे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासते. देशभरात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातला साधा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सुमारे २७ होती. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये ती सुमारे २० वर आली. २०२४ मध्ये पुन्हा २७ झाली. म्हणजे घसरण भरून निघाली, पण शंभरातली सत्तरहून अधिक मुले अजून वाचनाच्या अलीकडच्या काठावर आहेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' जाहीर केले. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी 'विद्यांजली'ची नवी आवृत्ती आली. सरकारी आणि अनुदानित शाळेत जाऊन मदत करू इच्छिणाऱ्या कुणालाही, निवृत्तांनाही, तिथे नाव नोंदवता येते. दरवाजा उघडा आहे.

शेजारी बसायचे म्हणजे काय करायचे

आपल्यापैकी बहुतेकांना वाटेल की शिकवणे हे आपले काम नाही. म्हणून या इतिहासातून तयार झालेली साधी पद्धत सांगतो.

मूल कुठे आहे ते आधी पाहायचे. 'असर'चे पाच टप्पे त्यासाठी पुरेसे आहेत: काहीच ओळखत नाही, अक्षर ओळखते, शब्द वाचते, छोटा परिच्छेद वाचते, गोष्ट वाचते. ते ज्या टप्प्यावर असेल तिथून पुढे न्यायचे, मग ते चौथीत असो की दुसरीत.

मराठी लिपी दिसते तेवढी अवघड नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी मोजली तर चारशेच्या वर रूपे होतात, आणि २००९च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ धरून तिची चौदाखडी झाली. पण मुलाला चारशे रूपे पाठ करायची नसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार या खुणा एकदा कळल्या की त्या प्रत्येक अक्षराला तशाच लागतात. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच उच्चार होतात, तसे इथे नाही. जोडाक्षरे नंतर येतात, त्यांची घाई करायची नाही.

बैठकीत सुरुवातीला आपण एक गोष्ट बोट फिरवत मोठ्याने वाचायची. मग मुलाने वाचायची. अडले तर लगेच सांगायचे नाही, त्याला श्वास घेऊ द्यायचा. शेवटी मुलाने काहीतरी सांगायचे, आज शाळेत काय झाले, घरी काय शिजले, आणि ते त्याच्याच शब्दांत आपण कागदावर लिहायचे. स्वतःचे बोलणे कागदावर पाहिले की मूल ते वाचायला धडपडते. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाचा शब्द पुस्तकात नसला तरी तो तसाच लिहायचा, चूक म्हणून खोडायचा नाही. वाचायला पुस्तके कमी पडणार नाहीत. प्रथम बुक्स २००४ पासून स्वस्त बालपुस्तके काढते आहे, आणि त्यांच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात.

आणि ज्या वारी येतो म्हटले, त्या वारी जायचे. यात सगळे आले. मोठ्या संस्थांची शिबिरेसुद्धा माणसे सातत्याने न आल्यामुळे मंदावली. आपण एका मुलामागे दोघे जण नेमले, तर एकाला लग्नाला जावे लागले तरी मुलाची बैठक चुकणार नाही.

आपल्याकडे काय आहे

या मेळाव्याला आलेल्यांत प्रेसमधून, एचएएलमधून, बँकांमधून, विमा कंपनीतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. काही जण अजून पाळ्या करतात. दुसऱ्या पाळीच्या माणसाची सकाळ मोकळी असते आणि शाळाही सकाळीच भरते. कारखान्यांच्या या गावात कामाच्या वेळा आणि शाळेच्या वेळा अशा जुळतात, याचा फायदा आजवर फारसा कुणी घेतलेला नाही.

आपले गुरुजनही इथे आहेत. ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, त्यांना ऐकता ऐकता कळते की मूल कुठे अडते आहे. चार दिवसांचे प्रशिक्षण पुरते, हे जौनपूरने दाखवले. ते प्रशिक्षण आपल्या बाईंनी आणि गुरुजींनी आपल्याला द्यावे, एवढीच विनंती. आपल्याला पुन्हा एकदा त्यांच्या वर्गात बसायला मिळेल.

सुरुवात प्राथमिक विभागाच्या मुख्याध्यापकांना भेटून करता येईल. दुसरी-तिसरीच्या वर्गातली कोणती मुले अजून अक्षरांपाशी अडली आहेत, ते वर्गशिक्षक सांगतील. शिक्षक सांगतील तीच मुले घ्यायची, शिक्षक देतील तीच वेळ पाळायची. वर्ग त्यांचा आहे, आपण फक्त मागच्या बाकावर बसणार आहोत. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर बागांकडे जाणारे मूल असेल, तर त्याच्या दप्तरात दोन पुस्तके घालून द्यायची आणि ते परत आले की तिथूनच पुढे सुरू करायचे.

शाळेला देण्याच्या निधीचा ठराव आपण करणारच आहोत. त्याच्या खाली दुसरा एक कागद ठेवावा. त्यावर कुणी रक्कम लिहू नये, आपले नाव आणि आठवड्यातला एक वार लिहावा. आज दुसरीत असलेली मुले पुढे कधीतरी असाच मेळावा भरवतील. त्यांची यादी किती लांब असेल, ते आता ठरते आहे.